समोरच्या रखडलेल्या टॉवरमध्ये कोणीतरी राहायला आलंय (घोडबंदर रोड)

बाल्कनीवाली | ४ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचक आहे, पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतो. समोर एक टॉवर आहे, तो आम्ही आलो तेव्हापासून तसाच उभा, नुसता सांगाडा, खिडक्या नाहीत, प्लास्टर नाही, डोक्यावर गंजलेली क्रेन. आमच्या सोसायटीत सगळ्यांनी जाळ्या मारून घेतल्या तशी इकडची झाडून सगळी कबुतरं तिकडे राहायला गेली. तर गेल्या आठवड्यात सकाळी चहा घेऊन बाल्कनीत आले आणि समोर एकही कबुतर नाही. मला वाटलं कोणी विषबिष घातलं की काय. मग दुपारी आमच्या एसीच्या कॉम्प्रेसरवर राखाडी पिसं येऊन पडली आणि थोड्या वेळाने एक पंख, म्हणजे अख्खा पंख, खांद्यापासून. आमच्या कामाच्या मावशी म्हणाल्या ताई हे करणीचं असतं, मी हात लावणार नाही.

वर बघितलं तर क्रेनच्या दांड्यावर एक पक्षी बसून निवांत काहीतरी सोलत होता. घारीपेक्षा बराच लहान, कावळ्याएवढा म्हणा, डोकं काळंकुट्ट जसं काही हेल्मेट घातलंय, गालांवर काळे कल्ले, पोट विटकरी. नवऱ्याचं म्हणणं घारीचं पिल्लू. फोटो काढलाय पण त्यात क्रेन आणि एक ठिपका एवढंच दिसतंय. कोण असेल?

चिंगी | ४ जानेवारी

शिक्रा असेल. आमच्या कळव्याला येतो.

(फोटो दिसत नाहीये)

पाणथळ | ४ जानेवारी

शिक्रा नाही. शिक्र्याच्या पोटावर बारीक आडव्या तांबूस रेघा असतात, पंख गोलसर, आणि तो झाडीत दबा धरून बसणारा, उघड्या क्रेनवर बसून जेवणारा नाही. काळं हेल्मेट, कल्ले, कावळ्याएवढा आकार, हा बहिरी ससाणा. आता प्रश्न एवढाच की कुठला. आपल्याकडे दोन दिसतात. एक थंडीचा पाहुणा, पार उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून येतो, ऑक्टोबरात आला की मार्च-एप्रिलमध्ये परत, त्याची छाती पांढुरकी. ऐरोलीच्या बाजूला खाडीतल्या विजेच्या मनोऱ्यांवर मी त्याला दरवर्षी बघतो, पाणकाठच्या चिखल्या-तुतवारांच्या थव्यावर सूर मारतो तेव्हा अख्खा थवा चादर झटकल्यासारखा उठतो. दुसरा आपला घरचा, शाहीन. सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारा, कुठे जात नाही, पोट विटकरी.

ताई, पोट खरंच विटकरी असेल तर नीट लक्ष ठेवा, हेच त्यांचे जोड्या जमवायचे दिवस आहेत. तुमच्यासाठी तो रखडलेला टॉवर असेल, त्याच्यासाठी तो कडा आहे. उभी भिंत, मधे मधे कपारी, माणसाचा त्रास नाही आणि तळघरापासून गच्चीपर्यंत कबुतरं भरलेली.

नौपाड्याचा नाना | ५ जानेवारी

हा पक्षी भाड्याने मिळतो का? आमच्या सोसायटीत पाठवा. समोरच्या बाई रोज सकाळी पावशेर ज्वारी टाकतात आणि खोकतो मी. छातीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की कबुतरांच्या विष्ठेपासून लांब राहा, लांब म्हणजे कुठे, पंढरपूरला?

चिंगी | ५ जानेवारी

नाना :ड

पाणथळ | ५ जानेवारी

नाना, एक जोडी दिवसाला एखाददुसरं कबुतर खाणार, त्याने नौपाडा रिकामा होत नाही, फक्त ज्वारीचा पत्ता बदलतो.

*(यानंतर कबुतरांना दाणे घालावेत की नाही यावर ३१ प्रतिसाद आले, मागच्या वर्षीचा दादरचा कबुतरखाना निघाला, कोर्ट निघालं, धर्म निघाला. धाग्याचा काश्मीर होऊ नये म्हणून ते सगळे वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)*

बाल्कनीवाली | १८ जानेवारी

अपडेट. दोन आहेत!!

संक्रांतीच्या दिवशी मी जीव मुठीत धरून बसले होते, इकडे अजूनही नायलॉनचा मांजा सर्रास मिळतो, बंदी असून. पण दोघं धडधाकट आहेत. एक मोठा एक लहान, म्हणून आधी मला वाटलं आई आणि मुलगा. पण काल लहान्याने कुठून तरी पोपट आणला (हिरवी पिसं उडत होती त्यावरून), मोठा पक्षी क्रेनवरून निघाला, त्याच्या खालून गेला आणि उडता उडता चक्क उताणा होऊन पंजात पोपट घेतला. मी ओरडलेच. मग दोघं एकविसाव्या मजल्यावरच्या एका कोनाड्यात गेले आणि एकमेकांसमोर वाकायला लागले, वाकून वाकून नमस्कार, साखरपुड्यात व्याही करतात ना तसे, आणि तोंडाने बारीक चिपचिप.

दुर्बीण मागवली. नवरा म्हणतो समोरचे लोक काय म्हणतील, मी म्हणलं समोर लोक कुठे आहेत.

पाणथळ | १८ जानेवारी

मोठी ती मादी. नर तिच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश लहान असतो. अभिनंदन, हे लग्नच चाललंय.

चिंगी | १८ जानेवारी

ससाण्याचा ताशी ३०० किमी वेग खरा का? की व्हॉट्सअॅप?

पाणथळ | १८ जानेवारी

खरा, पण सूर मारताना, वरून पंख मिटून खाली येताना. सरळ उडताना एवढा नाही. आणि कबुतर बहुतेकदा धडकेनेच अर्धमेलं होतं, उरलं तर चोचीला दातासारखी एक खाच असते, ती मानेवर बसवली की संपलं.

ईएमआयग्रस्त | २० जानेवारी

एक मिनिट.

गंजलेली क्रेन, प्लास्टर नाही, घोडबंदर रोड. ताई, खालच्या पत्र्यांवर निळ्या स्विमिंग पूलचं उडालेलं चित्र आहे का? असेल तर माझा फ्लॅट आहे त्या बिल्डिंगमध्ये. २०१४ ला बुक केलाय. तीन वर्षांत पझेशन देणार होते. तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता दहावीची क्लासेस बघतोय. कोनाडा नेमका कुठला?

बाल्कनीवाली | २० जानेवारी

अगबाई! हो, तेच पत्रे. एकविसावा मजला, आमच्या बाजूने उजवीकडून दोन फ्लॅटच्या मधला उभा कोनाडा.

ईएमआयग्रस्त | २० जानेवारी

तो २१०३ आणि २१०४ च्या मधला डक्ट. २१०४ माझा.

म्हणजे मी बारा वर्षं भाडं अधिक हप्ता भरतोय आणि पझेशन कोणाला मिळालं तर यांना. एवढंच समाधान की डक्ट कार्पेट एरियात धरत नाहीत.

नौपाड्याचा नाना | २० जानेवारी

त्यांनी ओसी (राहायच्या परवानगीचा दाखला) बघितली का विचारा.

बे एरियाची सून | २१ जानेवारी

मस्त धागा! मी मूळची ठाण्याचीच, चरई, सध्या कॅलिफोर्निया. इकडे बर्कलेच्या युनिव्हर्सिटीत कॅम्पानिले नावाचा उंच घड्याळाचा मनोरा आहे, त्यावर बहिरी ससाण्यांची जोडी होती, अॅनी आणि ग्रिनेल, २०१७ पासून त्यांची पिल्लं आम्ही कॅमेऱ्यावर बघायचो. ऑफिसात मीटिंग चालू आणि एका टॅबमध्ये अंडी. २०२२ च्या मार्चअखेर अॅनी अंड्यांवर असतानाच ग्रिनेल मेला, बहुतेक गाडीने उडवलं. आम्ही सगळे सुतकात. आणि काही तासांत दुसरा नर हजर, शिकार आणून दिली, एवढंच नाही तर दुसऱ्याच्या अंड्यांवर बसायलाही लागला! त्याचं नाव मग अॅल्डन ठेवलं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या शिका काहीतरी (कोणाला उद्देशून ते कळलं नाही).

इकडे हा पक्षी जवळजवळ संपला होता बरं का. डीडीटी खाल्लेले किडे, ते खाल्लेले छोटे पक्षी, ते खाल्लेला ससाणा, असं साठत साठत अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की आई बसली की फुटायची. १९७२ ला अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, लोकांनी पिंजऱ्यात पिल्लं वाढवून सोडली, त्यातली काही शहरातल्या इमारतींवर सुद्धा, आणि १९९९ ला तो धोक्यातल्या यादीतून बाहेर आला. आता पूल, चर्च, बँका, जिथे उंच कपार तिथे बसतो.

ताई, त्या कोनाड्यात जमिनीवर काय आहे बघा ना. ते घरटं बांधत नाहीत, काडीसुद्धा आणत नाहीत, रेतीत किंवा खडीत छातीने खळगा करतात आणि त्यातच अंडी. नुसतं सिमेंट असेल तर अंडी घरंगळतात. इकडे लोक मुद्दाम खडी भरलेला ट्रे ठेवतात.

बाल्कनीवाली | २२ जानेवारी

दुर्बिणीतून बघितलं. कोपऱ्यात रेतीचा छोटा ढीग दिसतोय, काम बंद पडलं तेव्हा राहून गेलेला असणार, आणि एक फुटकं घमेलं.

ईएमआयग्रस्त | २२ जानेवारी

ती रेतीसुद्धा आमच्याच पैशांची.

क्लिकक्लिक | २५ जानेवारी

लोकेशन प्लीज. सहाशे एमएमची लेन्स आहे, डोंबिवलीहून येतो, लांबूनच काढीन.

बाल्कनीवाली | २५ जानेवारी

सॉरी दादा, नाही देणार.

क्लिकक्लिक | २५ जानेवारी

पक्षी काय तुमच्या मालकीचा आहे का?

पाणथळ | २५ जानेवारी

कोणाच्याच मालकीचा नाही म्हणून तर. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे, वाघाच्या पंगतीतला. अंडी असताना मादी बिथरून उठली आणि बराच वेळ परतली नाही तर अंडी वाया. मीही फोटो काढतो, पण घरट्याचे नाही. आणि ड्रोनचा विचारही नको, ड्रोनला ते दुसरा ससाणा समजून भिडतात आणि पंख कापून घेतात.

बाल्कनीवाली | १३ फेब्रुवारी

चार दिवसांपासून मादी रेतीवरून हलत नाही. अंडी दिसत नाहीत पण ती मधेच उठते, पायाचे पंजे मुठीसारखे आवळून, खाली चोचीने काहीतरी सरकवते आणि परत बसते, पोट डावी-उजवीकडे हलवत, एसटीत तिघांच्या सीटवर चौथी बाई बसते ना तशी. दुपारी नर येतो, ती जेवायला जाते, मग हा बसतो, पण त्याच्या पोटाखाली सगळं मावत नाही बहुतेक, सारखा चुळबुळ करतो. पाच वाजता ती आली की लगेच उठून पळतो. ओळखीचं वाटलं.

पाणथळ | १३ फेब्रुवारी

साधारण तीन-चार अंडी, एकेक दिवसाआड. उबवायला महिन्याच्या वर, तेहतीस दिवस धरा. पाडव्याच्या आसपास बाळंतीण होईल.

नौपाड्याचा नाना | १४ फेब्रुवारी

डिंकाचे लाडू कोणी करायचे?

ईएमआयग्रस्त | ९ मार्च

वाईट बातमी किंवा चांगली बातमी, मला कळेनासं झालंय. फ्लॅटवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज आला. नवीन कॉन्ट्रॅक्टर मिळाला, पाडव्याला पूजा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाहेरून परांची बांधणार आणि वरून खाली प्लास्टर. ग्रुपवर लोक रडलेत अक्षरशः, एक आजोबा आहेत त्यांनी पेढ्याचा फोटो टाकला, त्यांच्या मिसेस वाट बघता बघता गेल्या.

आणि मी हा धागा उघडून बसलोय.

पाणथळ | ९ मार्च

दादा, वनविभागाला लेखी कळवायला हवं. अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवणं गुन्हा आहे.

ईएमआयग्रस्त | ९ मार्च

कळवतो आणि कोणी घाबरून सगळंच काम थांबवलं तर? बारा वर्षांनी क्रेन हलणार आहे. तुम्ही ऐरोलीला स्वतःच्या घरात बसून टाइप करताय, राग मानू नका पण खरं आहे ते. दोनशे कुटुंबं मला शोधत येतील आणि बरोबर करतील.

चिंगी | ९ मार्च

पिल्लं उडायला किती दिवस लागतात?

पाणथळ | ९ मार्च

जन्मल्यापासून सहा आठवडे. म्हणजे एप्रिल संपेपर्यंत. राग नाही दादा, मी भाड्याच्याच घरात आहे.

ईएमआयग्रस्त | ९ मार्च

सॉरी.

बाल्कनीवाली | १९ मार्च

पाडव्याच्या शुभेच्छा! आमची गुढी उभारली आणि समोर खाली मांडव, भटजी, नारळ, स्पीकरवर सनई. आणि वर एकविसाव्यावर आज पहिल्यांदा नराने आणलेलं मांस मादीने स्वतः गिळलं नाही, बारीक बारीक तुकडे करून मान खाली घालून कोणाला तरी देत होती. कोणाला ते दिसलं नाही. मला हुंदका आला, साखरेची गाठी हातातच.

ईएमआयग्रस्त | २० मार्च

मी काल पूजेला गेलो होतो. प्रसाद घेतला आणि साइट सुपरवायझरला बाजूला घेतलं. चिपळूणचा निघाला. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, साहेब आमच्याकडे कड्यावर असतात हे, लहानपणी दगड मारले की डोक्यावर यायचे. मी त्याला नुसतं एवढं विचारलं की प्लास्टर ए विंगच्या मागच्या बाजूने सुरू केलं तर तुमचं काही बिघडतं का. तो म्हणाला परांची कुठून तरी सुरू करायचीच आहे, मागून करू. १० मेपर्यंत पुढच्या बाजूला वर कोणी चढणार नाही. कागदावर काही नाही, शब्द आहे.

पाणथळ दादा, पत्र पण दिलंय. माझ्या नावाने. तुमच्या बोलण्याने झोप लागेना.

पाणथळ | २० मार्च

_/\_

बाल्कनीवाली | ८ एप्रिल

तीन आहेत तीन!! पांढरे कापसाचे गोळे, आता कडेपर्यंत येतात. ऊन काय म्हणता, आमचे पडदे तापतायत. दुपारी एक ते तीन त्या कोनाड्यात थेट ऊन येतं तेव्हा मादी पंख अर्धे पसरून उभी राहते, छत्रीसारखी, स्वतः चोच उघडून धापा टाकते, आणि तिघं तिच्या सावलीत एका रांगेत. सावली सरकली की ते सरकतात. मी दोन तास बघत बसले, आमटी करपली.

जेवणात आता खाडीकडचे लांब पायांचे पक्षी पण येतात, काल तिन्हीसांजेला तर वटवाघूळ आणलं. आणि एक घार चुकून जवळून गेली तिला वरून अशी एक ठेवून दिली की घार थेट मेट्रोच्या खांबापर्यंत पळाली. मागच्या बाजूला ड्रिल चालू असतं दिवसभर, त्याचं यांना काही नाही.

बे एरियाची सून | ८ एप्रिल

आवाजाची सवय होते त्यांना. माणूस *वरून* आला तर मात्र खवळतात.

बाल्कनीवाली | २२ एप्रिल

कापूस गळायला लागलाय, खालून तपकिरी पिसं, सगळे अर्धवट सोललेल्या नारळासारखे दिसतात. दिवसभर कडेला उभं राहून पंख फडफडवायचे आणि एकमेकांना ढकलायचं.

ईएमआयग्रस्त | २८ एप्रिल, सकाळी ७:५०

अर्जंट. सुपरवायझरचा फोन आला, एक पिल्लू खाली पत्र्यांच्या आत पडलंय, चालतंय, ओरडतंय, भोवती कुत्री. वॉचमनने गोणपाट टाकून धरलंय. काय करू? दूध-पाव देताहेत ते.

पाणथळ | २८ एप्रिल, ७:५४

काही खायला-प्यायला देऊ नका!! पुठ्ठ्याचा खोका, भोकं पाडा, खाली फडकं, अंधार, शांत जागा. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइन नंबरवर फोन करा, मी पण निघालोय. जखम नसेल तर त्याला फक्त उंचावर परत ठेवायचंय, पहिली उडी फसली की होतं असं. आईबाप माणसाचा हात लागला म्हणून टाकत नाहीत, ती अफवा आहे.

बाल्कनीवाली | २८ एप्रिल, ८:३०

दोघं मोठे वरून घिरट्या घालतायत, कॅक-कॅक-कॅक असा सतत, रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघतायत.

ईएमआयग्रस्त | २८ एप्रिल, रात्री ११:१५

आत्ता टेकलो. वनखात्याचा माणूस आला, पंख उघडून बघितले, ठणठणीत. गच्चीवर ठेवायचं ठरलं. लिफ्ट नाहीये हे तुम्हाला माहितीच आहे. खोका माझ्याकडे होता. चोवीस मजले, जिन्याला कठडा नाही, भिंतीला चिकटून, पाणथळ दादा मागे, आणि खोक्यात ते इतकं हलकं की मी दर मजल्यावर थांबून आत आहे ना बघत होतो. भोकातून एक काळा डोळा माझ्याकडे बघत होता.

एकविसाव्यावर आलो आणि दम खायला थांबलो. समोर २१०४. बारा वर्षांत पहिल्यांदा. दरवाजाच नाही तेव्हा आत गेलो. हॉलमध्ये पिसांचा सडा, कबुतरांचे पाय, एक हिरवी शेपटी, भिंतीवर पांढरे फराटे. ब्रोशरमध्ये दाखवला होता त्यापेक्षा हॉल लहान आहे. पण हवा आहे, आणि खाडी दिसते. ते कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीपलीकडे डक्टमध्ये उरलेली दोन पिल्लं ओरडत होती, मी आवाज न करता उभा राहिलो, मग दादा म्हणाले चला.

गच्चीवर हेल्मेट घालून गेलो. खोका आडवा केला आणि पळालो, तरी मादीने माझ्या हेल्मेटवर एक दिली. सुपरवायझर जिन्यात उभा राहून हसत होता, म्हणाला सांगितलं होतं ना.

नौपाड्याचा नाना | २९ एप्रिल

अहो खाडी दिसते म्हणजे बिल्डर आता वरती पैसे मागेल. बोलू नका कुठे.

बाल्कनीवाली | ११ मे

तिघंही उडतात. उतरता मात्र येत नाही, काल एक आमच्या डिश अँटेनाला लटकला होता. बाप शिकार घेऊन त्यांच्या वर जातो आणि मेलेलं कबुतर हवेतच सोडून देतो, ज्याला झेलता येईल त्याने खावं. चुकलं तर खालच्या कारवर धप्प. सेक्रेटरीकडे दोन तक्रारी गेल्यात, मी काही बोलले नाही.

चिंगी | ११ मे

तिघं जगतील ना?

पाणथळ | ११ मे

पहिल्या वर्षात निम्म्याहून जास्त जातात. अजून महिना-दोन महिने आईबाप पोसतील, मग हाकलतील. जोडी मात्र बहुतेक पुढच्या जानेवारीत तिथेच बघेल.

चिंगी | ११ मे

तिथे तर खिडक्या लागलेल्या असतील.

ईएमआयग्रस्त | २४ मे

परांची पुढच्या बाजूला अठराव्यापर्यंत आली. डक्ट आता रिकामा आहे, मी परवा जाऊन बघून आलो. सुपरवायझरला म्हणलं ती कोपऱ्यातली रेती तेवढी काढू नका. तो म्हणाला साहेब प्लास्टरला लागेल, हिशोब द्यावा लागतो. मी म्हणलं एक घमेलं माझ्या नावावर लिही.